दाजींची परग्रहावरची फौज

माझ्या दाजींइतक्या लढाया हरलेला सेनापती या आकाशगंगेत दुसरा झाला नसेल, आणि देव करो, पुढंही होऊ नये. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे निरवांगीचे, नोकरीला वालचंदनगरला कंपनीत, मशीन शॉपमध्ये सुपरवायझर, राहायला कंपनीच्याच क्वार्टरमध्ये. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं तेव्हा कंपनीनं त्यांना ट्रेनिंगला विलायतेला पाठवलं. विलायतेहून लोक सेंटच्या बाटल्या आणतात, चॉकलेटं आणतात, फार तर बायकोला स्वेटर आणतात. दाजींनी आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या ड्रॉइंग ऑफिसच्या साहेबांनी दोघांत मिळून एक भलीमोठी पेटी आणली. तिच्यात बोटाच्या पेराएवढे सैनिक होते. एका फौजेत चिलखत घातलेली माणसं, उडत्या गाड्या आणि पायांवर चालणारी तोफ. दुसऱ्या फौजेत सहा पायांचे हिरवे किडे. शिवाय फासे, अंतर मोजायची टेप आणि जाडजूड नियमपुस्तक. दूरच्या कुठल्याशा ग्रहावर या दोन फौजा एकमेकींवर तुटून पडायच्या, असा तो खेळ. अक्कानं पेटी उघडून आत पाहिलं, पुन्हा झाकण लावलं, आणि माझ्यासाठी काय आणलंत हे विचारायचंसुद्धा सोडून दिलं.

मी तेव्हा जळोचीला राहून बारामतीच्या एका शाळेत गणित शिकवत होतो. आठवड्यातून एक रविवार काय तो माझा, आणि तोही दाजींनी बळकावला. सकाळची एसटी धरून मी वालचंदनगरला पोहोचायचो तेव्हा जेवणाचं टेबल परग्रह झालेलं असायचं. उशांचे डोंगर, ओल्या टॉवेलची दलदल, आणि मधोमध अवकाशतळ म्हणून अक्काचं इडलीपात्र. "रविवारी इडली खायची असंल तर आधी तळ रिकामा करा," असं अक्का स्वयंपाकघरातून ओरडायची, आणि आम्ही गुपचूप भाकरी खायचो, तीही ताट मांडीवर घेऊन. किड्यांचे सेनापती ड्रॉइंगसाहेब, माणसांचे दाजी, आणि मी दाजींचा सल्लागार. सल्लागार म्हणजे ज्याचा सल्ला कधीही घेतला जात नाही असा माणूस, हे मला तिथं कळलं.

खेळ तसा हिशेबाचा होता. प्रत्येक मिशनला ठरावीक गुण मिळायचे आणि त्या गुणांत आपली फौज निवडायची. उडती गाडी महाग पण चपळ, पायदळ स्वस्त पण हळू, तोफ जबर पण अतिशय रेंगाळणारी. मिशन बघून निवड करायची, एवढं साधं. साहेब पाच मिनिटांत निवड उरकून पाय पसरून बसायचे. दाजी मात्र लग्नाचं वऱ्हाड न्यायचं असल्यासारखे फौजेच्या तयारीला लागायचे. पहिल्याच मिशनला त्यांनी नियमपुस्तक तीनदा उलटंसुलटं चाळलं आणि काळजीच्या सुरात विचारलं, "पाव्हणं, एवढी माणसं चालल्यात, ह्येंच्या पाण्याचं काय?"

मी म्हणालो, "दाजी, हा खेळ आहे. त्यांना तहान लागत नाही."

"चिलखत घालून उन्हात हिंडाय लागल्यावर तहान लागत न्हाय व्हय?" असं म्हणून त्यांनी बाटलीच्या बुचाला काडीची चाकं लावून पाण्याचा टँकर बनवला. इथवर मी सहन केलं असतं. पण आपण केलेली गाडी फुकट वापरणं त्यांच्या मनाला पटेना. म्हणून दर मिशनला त्या निरुपयोगी बुचासाठी ते एका उडत्या गाडीचे गुण खर्ची घालत. साहेब हळूच माझ्याकडे बघून हसत, आणि मी छताकडे बघे.

पुढं पुढं तर कंपनीची शिफ्टही परग्रहावर पोहोचली. दोन चाली सलग लढलेल्या तुकडीला तिसऱ्या चालीत सुट्टी. नियमपुस्तकात असलं काही नव्हतं, पण दाजींच्या डोक्यात होतं, आणि डोक्यातलं पुस्तक जाड होतं. एकदा पूल राखायचं मिशन होतं. किडे पुलाच्या तोंडाशी आले, आणि नेमक्या त्या वेळी पुलावरची तुकडी दाजींनी विश्रांतीला मागं घेतली. "आवो, दोन चाली झाल्या न्हवं त्येंच्या?" किडे आरामात पूल ओलांडून गेले. साहेबांनी त्या रविवारी अक्काकडे दुसरा चहा मागितला, इतके ते खुशीत होते.

आमिष दाखवायलाही त्यांची ना असायची. स्वस्तातलं पायदळ पुढं लोटायचं, शत्रू त्याच्यावर तुटून पडला की तोफेनं त्याला टिपायचं, ही डावपेचांतली पहिली शिकवण. दाजींना ती सांगितली की त्यांचा चेहरा कसानुसा व्हायचा. "मराया घेतल्यात का त्येंना?" ते विचारायचे. पण मला खरा वैताग यायचा तो त्यांच्या चालीचा. त्यांची अख्खी फौज सर्वांत हळू चालणाऱ्या तुकडीच्या वेगानं चालायची. उडत्या गाड्या एका चालीत अर्धं टेबल ओलांडू शकत, पण तोफ मागं पडते म्हणून त्याही तोफेबरोबर वीतभर सरकून थांबत. एकदा न राहवून मी आवाज चढवला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "आमचा बा मेंढरं घिऊन कोकणात जायाचा. एखादं लंगडाय लागलं की समदा कळप थांबायचा. बाकीची म्होरं न्हेली तर त्ये मागं एकलं वरडत बसतंय. कोल्ही-लांडगी आधी त्येलाच गाठत्यात."

"दाजी, ही मेंढरं नाहीत. शिशाच्या बाहुल्या आहेत."

"आसू द्या," ते म्हणाले. त्या दोन शब्दांपुढं माझी सगळी बीजगणितं गारद व्हायची.

अशी तीन-चार वर्षं गेली आणि ड्रॉइंगसाहेबांना पुण्यात चांगली नोकरी लागली. ते क्वार्टर सोडणार म्हटल्यावर प्रश्न आला पेटीचा. पेटी दोघांची. मी म्हणालो, एकेक फौज वाटून घ्या आणि मोकळे व्हा. दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भावाभावांत भिंत घाला म्हणालो. "वाटणी केली की मोडलाच की खेळ. एक फौज कुणासंगं लढायची?" शेवटी त्यांनीच तोडगा काढला: एक शेवटची लढाई खेळायची, जो जिंकेल त्यानं अख्खी पेटी न्यायची. आयुष्यात एकही लढाई न जिंकलेल्या माणसानं हे स्वतःच्या तोंडानं सुचवावं! अक्कानं स्वयंपाकघरात कपाळावर हात मारून घेतला. कारण त्या पेटीवर दाजींचा किती जीव होता ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. कामावरून आले की हातपाय धुऊन ते आधी पेटी उघडायचे, अक्काच्या जुन्या पातळाच्या तुकड्यानं एकेक सैनिक पुसायचे, आणि मग चहाला बसायचे.

या वेळी मात्र मी त्यांना सोडलं नाही. शाळेला रजा टाकून आदल्या दिवशीच जाऊन ठाण मांडलं. चिठ्ठी टाकून मिशन निघालं होतं ते शत्रूमधून वाट काढत घ्यायच्या माघारीचं. दोन्ही फौजांनी आपापल्या कडेवरून निघून सहा चालींत टेबलाची पलीकडची कड गाठायची. ज्याच्या जास्त तुकड्या पार होतील तो जिंकला. यापेक्षा सोपं मिशन नव्हतं. टँकर नको, तोफ नको, नुसत्या उडत्या गाड्या घ्या आणि सुटा, असं मी त्यांना घोकून घोकून सांगितलं. ते प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" म्हणत राहिले. मला वाटलं, पटलं.

सकाळी साहेब आले, फौजा मांडल्या गेल्या, आणि दाजींनी पेटीतून आधी काय काढलं असेल? तोफ. मग बुचाचा टँकर. मग पायदळ. आणि उरलेल्या गुणांत कशाबशा दोन उडत्या गाड्या.

"दाजी!" मी ओरडलो.

"माघार हाय न्हवं पाव्हणं? मग मागं कुणाला ठिवून जायाचं?"

मी खुर्ची ओढून बसलो. पण त्या दिवशी फासेसुद्धा दाजींच्या प्रेमात पडलेले असावेत. टाकतील तो डाव त्यांच्याच बाजूनं. साहेब आपले किडे बेधडक पुढं दामटत होते आणि दाजींची तोफ त्यांना टिपत होती. चार चाली संपल्या तेव्हा साहेबांचे निम्मे किडे टेबलाखाली होते आणि दाजींचा एकही माणूस पडला नव्हता. सगळी फौज कडेच्या टप्प्यात आली होती. अक्का पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. मला पहिल्यांदाच वाटलं की पेटी राहणार.

पाचव्या चालीत साहेबांचा फासा पडला आणि तोफेचा एक पाय निकामी झाला. आता ती निम्म्या वेगानं सरकणार. उरलेली फौज एका चालीत पार झाली असती. मी दाजींचं मनगट धरलं. "दाजी, तोफ सोडा. बाकीचे जाऊ द्या. पेटी तुमची आहे." त्यांनी तोफेकडे पाहिलं, कडेकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी हलकेच माझा हात सोडवला आणि अख्खी फौज तोफेभोवती थांबवली.

सहा चाली संपल्या. साहेबांचे तीन किडे पार झाले होते. दाजींची सबंध फौज, टँकरसकट, धडधाकट, कडेपासून वीतभर अलीकडे उभी होती. टेप गुंडाळत साहेब म्हणाले, "तुमचा एकही माणूस गेला नाही हो."

"व्हय," दाजी हसून म्हणाले, "पर पोचला बी न्हाय एकबी."

मग त्यांनी स्वतःच्या हातानं पेटी भरली. प्रत्येक सैनिक कापसात गुंडाळला. कुणाचा हात डिंकानं चिकटवलाय, कुणाला उभं करताना जपायचं, ते साहेबांना सांगितलं. साहेब अवघडून म्हणाले की राहू द्या हो पेटी तुमच्याकडेच. पण ठरलं ते ठरलं, म्हणून दाजींनी ती स्वतः उचलून त्यांच्या घरी पोहोचवली. मी इतका चिडलो होतो की जेवण न करताच परतीची एसटी धरली.

पुढचा रविवार माझा होता. खराखुरा माझा. उशिरा उठायचं, पेपर वाचायचा, असा बेत करून मी झोपलो आणि सकाळी नेहमीच्या वेळी स्टँडवर उभा होतो. क्वार्टरवर गेलो तर टेबल स्वच्छ पुसलेलं. अक्कानं चक्क टेबलावर गरम इडल्या वाढल्या. दाजी जेवले. हात धुऊन आले आणि पुन्हा त्याच खुर्चीत बसले, पण हात कुठं ठेवावेत ते त्यांना सुचत नव्हतं. मी आठवडाभर मनात साठवलेली सगळी भांडणं जागच्या जागी विरली. त्या पाचव्या चालीबद्दल एक अक्षर मी काढलं नाही.

निघायच्या वेळी ते मला सोडायला फाटकापर्यंत आले. चार वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते त्यांनी खाली मान घालून विचारलं, "म्होरल्या ऐतवारी येणार न्हवं? आता काय काम ऱ्हायलं न्हाय हितं, म्हून इचारतो."

"दाजी," मी म्हणालो, "मी काय त्या बाहुल्यांसाठी येत होतो का?"

म्हणालो खरा, पण ते तोंडातून बाहेर पडेपर्यंत माझं मलाही ठाऊक नव्हतं.