आई हरवली ती सकाळ

देवावर माझा विश्वास होता, भरवसा मात्र नव्हता. आईचं विसरणं वाढलं तसं मी सगळं स्वतःच्याच हातात घेतलं होतं. गोळ्यांच्या वेळा, दाराची वरची कडी, बंगळुरातल्या एचएसआर लेआउटमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये लावलेला कॅमेरा. तिला समुद्र आवडतो म्हणून सुट्टी काढली आणि पर्यटकांच्या वाटेवर नसलेलं, कारवारच्या अलीकडचं एक लहानसं गाव शोधून काढलं. खरं सांगायचं तर गर्दीत मला तिची लाज वाटायची. ती एकच प्रश्न दहादा विचारते, लोक वळून बघतात. इथे बघायला कुणी नसेल, एवढंच मी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून आले तर खोली रिकामी. चपला दारातच होत्या. किनाऱ्यावर धावले तर चिटपाखरू नव्हतं. ज्या शांततेसाठी एवढ्या लांब आले, तीच खायला उठली. ओल्या वाळूत अनवाणी पावलं दिसली, पाण्याशी जाऊन संपलेली. भरती चढत होती. पावलं आईची की आणखी कुणाची, मला कळेना. खाडीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. बंगळुरात आठ वर्षं काढून मला कन्नड येतं ते रिक्षापुरतं. मासे वाळत घालणारी एक बाई दिसली, तिला कसंबसं विचारलं, “अक्का, नम्म अम्मा नोडिद्रा?” आईला पाहिलंत का, याच्यापुढे शब्दच नव्हते. मी तिथेच वाळूत बसले. म्हटलं, देवा, मला आता काही सुचत नाही, तूच बघ.

बाई हात पुसत आली. “तुजी आवय? देवळांत आसा. यो.”

नारळीच्या बागेमागच्या त्या कौलारू देवळावरून मी दोनदा धावत गेले होते. आई समुद्राकडेच गेली असणार, हे मीच ठरवून टाकलं होतं. चालता चालता बाई कोकणीत सांगत होती, त्यातलं कळलं ते असं. या गावात वाट चुकलेलं माणूस देवळात बसवतात आणि त्याच्या हाताला काहीतरी काम देतात. शोधणारा कधी ना कधी तिथे येतोच. सकाळी रस्त्यावर उभी असलेली आई हिलाच दिसली होती.

आई भिंतीला टेकून वाती वळत होती. मी तिला मिठी मारून रडले. तिने मला ओळखलं नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवत बाईला म्हणाली, “हिलाही बसू द्या हो इथे. घाबरलीय पोर. येईल हिचं कुणीतरी न्यायला.”

मी बसले. तिने माझ्या हातात कापूस ठेवला. कितीतरी महिन्यांनी मी तिच्यावर नजर न ठेवता तिच्याजवळ बसले होते. याला कुणी योगायोग म्हणेल, मी वाद घालत नाही. गोळ्या अजूनही वेळेवर देते, कडीही लावते, पण सगळं माझ्यामुळेच चाललंय हा ताठा गेला. त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं, ती रुखरुख आहे. देवा, आम्हा दोघींनाही बसवून घेतलंस, एवढं पुरे.