सिमेंटचा गिलावा

मिस्त्रीला परत कामावर बोलावलं तेव्हा त्याचं वय सहासष्ट होतं आणि दोन्ही गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलेला होता. चौकातली तीन मजली कापडबाजाराची इमारत अकरा वर्षं कुलूपबंद पडून होती. आता ती दुरुस्त करून पुन्हा वापरात आणायचं ठरलं होतं. खाली दुकानं, वर कारागिरांच्या खोल्या, आणि जुन्या भाडेकरूंना आधी विचारायचं. इमारत उठली की चौक उठेल, असं सगळे म्हणत. चौकात उरलं होतं काय, तर एक चहावाला, एक किल्ल्या करणारा आणि बंद शटरांची रांग. भिंती चुन्याच्या, आणि चुन्याचं काम जाणणारा गवंडी गावात हा एकटाच शिल्लक. बाकीचे मेले म्हणून माणसाला भाव येतो तो असा.

कामावरच्या आर्किटेक्ट बाई त्याच्या मुलीच्या वयाच्या, पण कडक. पहिल्याच दिवशी त्यांनी तळमजल्याच्या भिंतीवर हातोडीची मूठ आपटली. पोकळ आवाज आला. मिस्त्रीने छिन्नी घातली तशी सिमेंटच्या गिलाव्याची परातीएवढी ढलपी सुटून पायाशी पडली आणि मागून विटांचा ओला भुगा सांडला.

"कुठल्या गाढवाने चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापलंय हे?" बाई कडाडल्या. "जमिनीतली ओल भिंतीत चढतेच. चुन्यातून ती सुकून जाते. वरून सिमेंट मारलं की जाणार कुठे ती? भिंत आतच कुजणार."

मिस्त्रीने छिन्नी पुन्हा भिंतीला लावली. तो गाढव तोच होता.

गोष्ट पस्तीस वर्षांपूर्वीची. त्याचं स्वतःच्या नावावरचं ते पहिलं काम. मिळवून दिलं होतं दाजींनी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने. त्यांचं तळमजल्यावर कापडाचं दुकान होतं. त्यांनी मालकाकडे शब्द टाकला, "माझा मेव्हणा आहे, डोळे झाकून काम द्या." चुना भिजवा, महिनाभर मुरवा, मळा, एक थर द्या, मग वाट बघत बसा, हे सगळं मिस्त्रीला म्हाताऱ्यांचं काम वाटे. त्याने सिमेंट लावून बारा दिवसांत तळमजला कसा गुळगुळीत करून दिला. चुन्यात जन्म घालवलेल्या त्याच्या बापाने येऊन भिंतीवर नुसता हात फिरवला आणि आठवडाभर पोराशी शब्द बोलला नाही. पोराला वाटलं, म्हातारा जळतोय.

दोन वर्षांनी दाजींच्या दुकानात खालच्या फळीवरच्या ताग्यांना बुरशी धरायला लागली. गिऱ्हाईक कापड नाकाशी न्यायचं आणि परत ठेवायचं. दुकानाच्या बरोबर वर मास्तरांची खोली. मास्तर म्हणजे शिंपी, इस्त्रीसाठी बादलीभर पाणी जवळ ठेवणारा पापभीरू माणूस. दाजींनी त्या बादलीवर खापर फोडलं. "हाच वरून पाणी सांडतो." भांडण विकोपाला गेलं. शेवटी मास्तरांचाही तोल गेला. त्यांनी भरलेली बादली आणून दाजींच्या उंबऱ्यावर पालथी केली आणि म्हणाले, "घ्या, आता सांडलं!" त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं.

ओल खालून वर चढत होती, हे मिस्त्रीने तेव्हाच पाहिलं होतं. पाणी वरून आलं असतं तर आधी छत भिजलं असतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण तो मूग गिळून बसला. तेव्हा तोंड उघडलं असतं तर पुढची कामं गेली असती, आणि नंतर उघडायचं तर इतके दिवस गप्प का बसलास, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. अशी एकेक वर्षं गेली. दाजींचं दुकान बुडालं, पाठोपाठ बाकीचीही उठली. दाजी गेले ते मास्तरांना शिव्या देतच गेले.

आता मिस्त्री रोज सकाळी आठला येऊन स्वतःचंच काम खरवडत होता. सिमेंट निघता निघत नव्हतं. दंड भरून यायचे, नाकातोंडात धूळ जायची. संध्याकाळी घरी गेलं की बायको कोमट पाण्याचं घमेलं त्याच्या पायाशी सरकवायची. बारा दिवसांत केलेलं काम काढायला दोन महिने झाले होते आणि अजून मागची भिंत बाकी होती. इतकं थकल्यावर तरी झोप लागावी, तर तीही लागत नव्हती.

एके दुपारी बाईंनी त्याच्यापुढे एक कागद धरला. "तुमच्या बहिणीचा अर्ज आलाय."

ताईला सुनेसाठी दुकान हवं होतं. पण वरची खोली मास्तरांना देऊ नये, त्या माणसाने पाणी सांडून आमचं वाटोळं केलं, असं तिने लिहिलं होतं. खोली मास्तरांनीही मागितली होती. ऐंशीला टेकलेला माणूस मुलाच्या घराच्या बोळात मशीन टाकून बसत होता.

"भांडणं असतील तर मास्तरांना खोली द्यायची नाही, असं खोल्या वाटणारी समिती म्हणते," बाई म्हणाल्या. "शनिवारी ठरेल. पाण्याचं खोटं आहे हे मी लिहीन हो, पण तुमच्या बहिणीला माझं पटणार आहे का? तुम्हीच समजवा."

मिस्त्रीने कागदाची घडी घालून परत दिला. "बाई, तो गाढव तुमच्यासमोर उभा आहे."

बाईंना आधी कळलं नाही. मग कळलं. "तरीच," त्या हळूच म्हणाल्या. "कुठे ठोकायचं ते तुम्हाला सांगावं लागत नाही."

त्या संध्याकाळी तो घरी न जाता ताईकडे गेला. ती खिडकीपाशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"ताई, मास्तरांनी पाणी नव्हतं सांडलं."

"झालं! आता त्यांची वकिली करायला आलास?"

"ओल सिमेंटमुळे आली. मी लावलं होतं ना, त्या."

ताईच्या हातातली घडी अर्धीच राहिली. "ह्यांना माहीत होतं?"

"नाही."

"आणि तुला? तुला कधी कळलं?"

खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो, तो त्याच्यात उरला नव्हता. "तेव्हाच," तो म्हणाला.

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. "मास्तरांच्या बायकोला शेवटचं इथूनच नेलं, या रस्त्याने. मी वरून बघितलं. खाली उतरले नाही." दोघींनी दहा वर्षं दुपारी दुकानात एका डब्यात जेवण केलं होतं. ताईच्या दोन्ही बाळंतपणांत ती उशाशी बसली होती. "तू माझ्या शेजारी उभा होतास रे त्या दिवशी. एक शब्द बोलला असतास तर मी धावत गेले असते."

तिने कपडे बाजूला सारले आणि चपला शोधल्या. "अर्जाचं मी बघते. आधी चल. तुझ्या तोंडाने सांग त्यांना."

"उद्या जाऊ. आज पाय अगदी..."

"मलाही आहेत पाय."

मास्तर बोळात कुणाच्या तरी विजारीची उंची कमी करत बसले होते. ताईला बघून ते मशीनला धरून उठले. मिस्त्रीने सगळं उभ्याउभ्याच सांगितलं. चार वाक्यं झाली. तेहतीस वर्षं छातीवर बसलेली गोष्ट एवढीशीच होती, याची त्याला लाज वाटली.

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते ताईला म्हणाले, "शेवटच्या दुखण्यात ती रोज विचारायची, आज तरी आल्या का हो त्या? मी सांगायचो, येतील."

ताई दाराची चौकट धरून खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली. मास्तरांनी आपलं स्टूल तिच्याजवळ सरकवलं, तिला हाताला धरून वर बसवलं आणि स्वतः तिच्या बाजूला पायरीवर बसले.

मिस्त्री भिंतीशी उभा होता. त्याला कोणी बस म्हणालं नाही.