अर्ध्यावरचा झेंडा

डेन्मार्कमधल्या त्या इवल्याशा बेटावर एब्बाबाईंसमोर झेंड्याबद्दल काही चुकीचं बोलायची कुणाची टाप नव्हती. बाईंनी जन्मभर झेंडे शिवले. "खांबाकडची ती कड, वाऱ्याकडचं ते टोक! खांबावर रात्रभर राहते ती पताका. झेंडा सूर्य बुडायच्या आत खाली!" हे बाई पोस्टमनलाही सुनावायच्या. बिचारा पत्रं देऊन पळ काढायचा.

याच काटेकोरपणापायी धाकटा भाऊ दुरावला. लाउरिट्सने हौसेने आपल्या होडीवर दुहेरी टोकाचा झेंडा लावला. तो मान राजाचा आणि सरकारचा. एब्बाबाईंनी भर धक्क्यावर, चारचौघांत तो उतरवायला लावला. तेव्हापासून घरं समोरासमोर असूनही लाउरिट्सने अबोला धरला. बाई मनातून झुरत होत्या, पण माघार घेतील त्या एब्बाबाई कसल्या!

सत्तराव्या वाढदिवशी सकाळीच त्यांनी रिवाजाप्रमाणे अंगणात झेंडा चढवायला घेतला. दोरी कप्पीत अडकली आणि झेंडा अर्ध्यावरच थांबला. अर्ध्यावर झेंडा म्हणजे त्या घरात कुणीतरी गेलं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

शेजारची वाल्बोर्ग रडवेल्या चेहऱ्याने फुलं घेऊन आली. बघते तर एब्बाबाई कॉफी ओततायत.

"अगंबाई! मग गेलं कोण?"

"कुणी नाही गं. दोरी अडकलीय."

वाल्बोर्ग पोट धरधरून हसली. "थांब, आमच्या ह्यांना बोलावते. खांब आडवा करून दोरी सोडवली की झालं."

एब्बाबाईंनी समोरच्या घराकडे पाहिलं. तिथे अजून पडदे ओढलेले होते.

"राहू दे थोडा वेळ."

"अर्ध्यावर? आणि हे तू म्हणतेस? नियम काय म्हणेल?"

"खड्ड्यात गेला नियम. तू केक खा."

दुसरा कप भरेपर्यंत समोरचं दार धाडकन उघडलं. लाउरिट्स धावत आला, एका गालाला साबणाचा फेस, पायात नुसते मोजे.  बहिणीला पाहून तो पायरीवर मटकन बसला.

"जिवंत आहेस?"

"दिसत नाही का?"

तो लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसून, कप्पीत अडकलेल्या दोरीकडे बघत खेकसला, "मेले, जीव गेला असता माझा! दोरी सोडवून घ्यायला काय झालं होतं?"

बाईंनी त्याच्यापुढे कप सरकवला. "सोडवली असती, तर तू आला असतास?"