सगळ्यांत मागचे साडू

मागे राहण्याचा एवढा अभिमान बाळगणारा माणूस बेळगावपासून निपाणीपर्यंत आमच्या साडूंखेरीज दुसरा सापडायचा नाही. बेळगावातल्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर कॉमर्स शिकवलं. मध्येच कधीतरी 'नेतृत्व आणि व्यक्तिमत्त्व विकास' असा एक तास कॉलेजनं त्यांच्या गळ्यात मारला, कारण तो दुसऱ्या कुणालाच नको होता. त्यासाठी मिळालेलं जाडजूड पुस्तक त्यांनी चौथ्या पानापर्यंत वाचलं आणि पिरनवाडीच्या घरातल्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. मग स्वतःचं एक शास्त्र काढलं. जो सगळ्यांत हळू चालतो त्यानं पुढे व्हायचं, बाकीच्यांनी त्याच्या चालीनं चालायचं आणि शिकवणाऱ्यानं सगळ्यांच्या मागे राहायचं. "पुढारी म्हंजे पुढं पळणारा न्हवं, पाव्हणं," ते मला ऐकवायचे. "कोण मागं ऱ्हायलं न्हाय एवढं बघायचं. लई अवघड काम हाय ते."

हे शास्त्र त्यांनी कॉलेजातच ठेवलं असतं तर आम्हा नातेवाइकांची तक्रार नव्हती. पण त्यांच्या घरी सगळ्यांत हळू जेवणाऱ्याचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. मी दहा मिनिटांत जेवणारा माणूस. त्यांच्या पंक्तीत बसून माझा हात कोपरापर्यंत वाळला आहे. धाकट्या मेव्हणीच्या मुलीच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. देवळापासून कार्यालयापर्यंतच्या मिरवणुकीत त्यांनी नवरदेवाच्या घोड्याच्याही पुढे त्याच्या ऐंशीच्या आत्याबाईंना घातलं आणि स्वतः मागे जाऊन उभे राहिले. बँडवाल्यांची येत होती ती सगळी गाणी संपली, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. गुरुजी घड्याळ दाखवत रस्त्यावर धावत आले, तर साडू कानडीत त्यांना "निधान, निधान" म्हणजे सावकाश घ्या म्हणून समजावत होते. मुहूर्त टळला. आत्याबाई मात्र इतक्या खूश झाल्या की पुढची दोन वर्षं त्या दुसरं काही बोलल्याच नाहीत.

दर हिवाळ्यात ते वर्गातल्या पोरांना घेऊन रेल्वेनं लोंढ्याला जात आणि तिथून रानातल्या वाटेनं एका ओढ्यापर्यंत चालत. दोन वर्षांपूर्वी हौसेनं मीही गेलो होतो. त्या वर्षी खानापूरकडच्या खेड्यातली एक मुलगी नव्यानं आली होती. वर्गात ती मान वर करत नसे. चालीलाही हळू, म्हणून साडूंनी तिला पुढे घातलं. ती बिचारी दर शंभर पावलांवर थांबायची, आणि मागे चाळीस पोरं चडफडत उभी. शेवटी दोन उंच पोरं तिला ओलांडून निघाली, तशी ती ओरडली, "थांबा की रं! सरांचा नियम हाय!" तिचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला. पोरं थांबली. मागे साडूंनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की माझा चष्मा पडला.

यंदा साडू निवृत्त होणार आणि नेमका यंदाच त्यांचा गुडघा धरला. त्यांनी सहलीला जाणार नसल्याचं जाहीर केलं. कधी थंडीचं कारण, कधी पेपर तपासायचे आहेत म्हणून. "तुम्ही जावा पोरांसंगट," असा मला फोन. मी कचेरीतला कारकून, मी पोरांना काय नेतृत्व शिकवणार? समजूत घालायला घरी गेलो, तर आक्कांनी, म्हणजे साडूंच्या बायकोनं, स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, "गुडघ्याचं न्हाय ओ, भावजी. आपल्यामुळं पोरांचा खोळंबा हुईल म्हणून भ्यालेत." मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. ज्या माणसानं लग्नाचा मुहूर्त आत्याबाईंच्या चालीवर सोडला, त्याला स्वतःच्या हळू चालण्याची लाज वाटावी?

त्याच संध्याकाळी ती मुलगी, आता शेवटच्या वर्षाची, चार-पाच जणांना घेऊन घरी आली. "सर, तुम्ही न्हाय आलासा तर आम्ही कुणाच्या चालीनं जायचं?"

"माझ्या चालीनं गेलासा तर परतीची गाडी चुकंल गं."

"चुकू दे की. नियम तुमचाच हाय."

साडूंना स्वतःच्याच शास्त्रात असं अडकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ते काठी घेऊन आले. लोंढ्याच्या रानात पोरांनी त्यांना पुढे केलं आणि ती मुलगी सगळ्यांच्या मागे, त्यांच्या जागेवर जाऊन उभी राहिली. मी तिच्याबरोबर होतो. साडू दहा पावलं चालायचे, थांबायचे आणि मागे वळून पोरं मोजायला लागायचे. पुढे चालण्याची त्यांना सवयच नव्हती. एकदा असं वळताना त्यांचा पाय दगडावरून घसरला आणि पोरांनी त्यांना सावरलं.

"मागं कोण ऱ्हायलं काय रं?" त्यांनी घाबऱ्या आवाजात विचारलं.

"मी हाय की सर मागं," ती ओरडली. "तुम्ही पुढं बघा."

साडू पुढे वळले. मग काठी टेकत चालू लागले. ओढा येईपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.