दत्तामामाची पपई आणि माझी लॅब

दत्तामामाला जाऊन आज वर्ष झालं, आणि मला अजून त्याचा राग येतो.

मंगरूळपीरजवळ त्याची पपईची बाग होती. तीनदा लावली, तीनदा उपटली.

रिंगस्पॉट. मावा किडीबरोबर झाडाझाडावर फिरणारा व्हायरस. पानं आखडतात, फळांवर गोल डाग पडतात. औषध नाही.

आणि त्याची भाची, म्हणजे मी, पुण्यात नेमकं यावरच काम करते. व्हायरसच्या जीनचा छोटासा तुकडा पपईत घालायचा. मग झाड त्या व्हायरसला ओळखतं, वाढू देत नाही.

हे मी मामाला सांगून बसले. तिथेच चुकलं.

रोज फोन.

"दोन रोपं दे. कोनाले सांगत नाही."

"मामा, ती ग्रीनहाऊसबाहेर नेता येत नाहीत. परवानगी नाही."

"मंग तू शिकली कायले?"

मी फोन कट करायचे. तो परत लावायचा.

एक दिवस न सांगता लॅबच्या गेटवर हजर. ट्रॅव्हल्सने आलेला, हातात कापडी पिशवी.

सरांना विचारून त्याला आत नेलं. एका बाजूला साधी झाडं, पार आखडलेली. दुसऱ्या बाजूला आमची, हिरवीगार. दोन्हींना तोच व्हायरस दिलेला.

मामा कितीतरी वेळ बघत राहिला. रोप मात्र एकदाही मागितलं नाही.

मला तेच खटकलं. निघताना गेटवर, वॉचमनसमोर, मी त्याची पिशवी तपासली.

सख्ख्या मामाची.

आत रोप नव्हतं. प्लास्टिकच्या पुडीत त्याच्या बागेतली रोगट पानं होती.

"तुमच्या कामाले येतीन म्हून आनली. देयाचं राहूनच गेलं."

मी साधं सॉरीसुद्धा म्हटलं नाही.

त्या पानांचा रस आम्ही आमच्या रोपांना चोळला. काही आठवड्यांत आमची हिरवीगार रोपं आखडली. मामाच्या वावरातला व्हायरस वेगळा निघाला. आमच्या झाडांना तो ओळखूच आला नाही.

मी फोन केला. "मामा, ती रोपं तुझ्याकडे टिकली नसती."



"मनात तं आलं होतं एक उचलाचं. मंग वाटलं, तुयी नोकरी जाईन."

त्यानंतर मामाच्या व्हायरसचा तुकडा घालून आम्ही नवी रोपं केली. तोच व्हायरस दिला. एक पान आखडलं नाही.

आता शेतात चाचणी हवी. त्याच्या परवानगीची फाईल सरकारी ऑफिसांत फिरतेय. कधी कागद कमी, कधी सही करणारे बदललेले. कुणी नाही म्हणत नाही. हो पण म्हणत नाही.

मामा दर आठवड्याला विचारायचा, "कवा येते तुयं झाड?" शेवटच्या फोनवर मी खेकसले, "माझ्या हातात आहे का ते?"

"तुयावर कुठं चिडून राह्यलो? जेवली का तू?"

चार दिवसांनी हार्ट अटॅक.

आज सकाळी मामीचा फोन आला.

"यायनं विहिरीजवळचा तुकडा मोकळा ठेवला होता तुया झाडायसाठी. यंदा सोयाबीन पेराव का तिथं?"

झाडं येतीलच, असं खोटं बोलता आलं असतं.

"पेर मामी," म्हटलं.

मामा, तू तुझं काम वेळेत केलंस. उशीर आमच्याकडून झाला.

तुला मनापासून नमस्कार.