गाडी थांबली की काकांची झोप

साहेब म्हणजे माझ्या खोलीत राहणारी मुलगी. हे नाव तिच्या बाबांनी ठेवलेलं. लहानपणी ती त्यांच्या बसच्या केबिनमध्ये चढून बसायची आणि "चला!" म्हणून हुकूम सोडायची. परदेशात शिकायला आली तरी बाबांच्या तोंडी साहेबच, आणि मग माझ्याही.

तिला पदवी मिळाली तेव्हा काका, म्हणजे तिचे बाबा, आले. पदवीचा सोहळा बघायचा, तिचं जड सामान घेऊन पुढे जायचं, ती महिनाभरात मागून येईल, असा त्यांचा हिशेब. घरी तिच्या खोलीला नवा रंग दिला होता. भिंतीचा फोटो त्यांनी मला इतक्यांदा दाखवला की तो रंग मी झोपेतही ओळखेन. आणि साहेबांनी इथलीच नोकरी पत्करली होती, ते बापाला सांगायची छाती होत नव्हती.

रोज सकाळी मला डोळ्यांनी खूण करायची, आज सांगते. मग काका चहाला बसले की हिचं सुरू, "बाबा... साखर अजून देऊ?" तिकडे काका तिचे थंडीतले कोट दाबून दाबून बॅगेत भरत होते. मी म्हटलं, "अगं बाई, कोट तरी काढून घे! नोकरी मिळाली आणि गारठून मेलीस असं व्हायचं." तर माझ्यावरच डाफरली. बापापुढे मांजर, माझ्यापुढे वाघीण!

काका उद्या निघणार, म्हणून आदल्या दिवशी तिने एका जुन्या शहराची सहल ठरवली. भोवती तट, आत दगडी गल्ल्या आणि मधोमध एक उंच मनोरा. तिथे वर नेऊन सांगायचं म्हणे. "वरून सगळं दिसलं की माणसाचं मन मोठं होतं," ती म्हणाली. "वरून ढकलून द्यायलाही सोपं पडतं," मी म्हटलं. तिला हसू आलं नाही. मलाही सोबत घेतलं, धीर म्हणून.

आता काकांबद्दल. शाळा अर्धवट टाकून बसवर क्लीनर म्हणून लागले, गाड्या धूतधूत ड्रायव्हर झाले आणि उभा जन्म सहलीच्या गाड्या चालवल्या. किल्ले, राजवाडे, संग्रहालयं, समुद्रकिनारे, सगळीकडे लोकांना पोचवलं. स्वतः पाहिलं त्यातलं एकही नाही. लोक बघायला उतरले की ड्रायव्हरने झोपायचं, कारण रात्री पुन्हा गाडी हाकायची असते. मी एका मोठ्या राजवाड्याचं नाव काढलं तेव्हा ते म्हणाले, "हां हां, तिथे पार्किंगला सावली फार छान आहे." मी चेष्टा समजले, पण ते अगदी मनापासून सांगत होते.

त्या दिवशी बसमध्ये ते चालकाच्या बरोब्बर मागच्या सीटवर बसले. बाहेर हिरव्या टेकड्या चाललेल्या, ह्यांचं लक्ष रस्त्यावर. वळण आलं की उजवा पाय आपोआप दाबला जायचा. चालकाने ते आरशात टिपलं. भाषेचा गंध नाही, पण हातवाऱ्यांनी दोघांचं जमलं. क्लच कडक आहे, आरसा हलतो, मालक चिक्कू आहे, एवढं त्यांचं बोलणं झालं हे मला मागे बसून कळलं.

तटाबाहेरच्या वाहनतळावर बस उभी राहिली. छत्रीवाली गाइडबाई उतरली, तिच्यामागे बाकीचे उतरले. आम्ही काकांकडे वळलो, तर काका गाढ! मान मागे, तोंड उघडं, डोळ्यांवर रुमाल. इंजिन बंद झालं आणि ह्या माणसाचा मेंदूही बंद झाला. चालक हसला, त्याने खिडकीचा पडदा ओढला, वारा यावा म्हणून दार उघडं ठेवलं आणि शेजारच्या सीटवर तोही आडवा झाला.

"हलव की!" मी म्हटलं.

साहेब पुढे झाली, हात पुढे केला आणि मागे घेतला.

"आमच्या घरी बाबांना उठवत नाहीत," ती कुजबुजली.

"आजच्या दिवस उठव. आज नाही तर कधी?"

"तुला नाही कळायचं. लहानपणी ते घरी असले की आई तोंडावर बोट ठेवून फिरायची. बाबांना गाडी चालवायचीय, झोप मोडली तर जिवाशी खेळ होतो, म्हणायची. प्रगतिपुस्तकावर सहीसुद्धा आईची. मी जिन्यावरून पडले, दात तुटला, तेसुद्धा त्यांना पुढच्या खेपेला कळलं. हात पुढे जातच नाही गं."

मग आम्ही दोघीच गेलो. शहर चांगलं होतं, असावं. साहेबांचं लक्ष नव्हतं आणि तिच्या तोंडाकडे बघून माझंही उडालं. गाइडबाई कुठल्या वेढ्याची गोष्ट सांगत होती, ही रुमालाला पीळ देत होती. मनोरा आम्ही चढलो. वर सगळे नदीचे फोटो काढत होते आणि ही तटापलीकडे वाहनतळ शोधत होती. मला राग आला. तिचा आला, काकांचा आला, त्या तोंडावर बोट ठेवणाऱ्या आईचाही आला. एवढ्या शहाण्या मुलीला साधं "बाबा, उठा" म्हणता येऊ नये म्हणजे काय!

परत आलो तेव्हा काका तोंड धुऊन ताजेतवाने होते. चालकाबरोबर मागच्या चाकापाशी उकिडवे बसून टायर दाबून बघत होते. आम्हाला बघून उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "झालं का बघून? छान होतं ना?" असं त्यांनी जन्मभर किती प्रवाशांना विचारलं असेल कोण जाणे. आम्ही हो म्हटलं.

बस निघाली. साहेब त्यांच्या शेजारी बसली, मी मागे. शहर मागे पडलं, रस्ता सरळ लागला आणि तिने एका दमात सांगून टाकलं. इथे नोकरी मिळालीय, घेतलीय, मी परत येणार नाहीये, निदान दोन-तीन वर्षं तरी नाही.

काकांची नजर रस्त्यावरच. एक ट्रक गेला, दुसरा गेला.

"कधी ठरलं?"

"तुम्ही यायच्या आधी."

"आधी?" ते तिच्याकडे वळले. दिवसभरात गाडी चालू असताना त्यांनी रस्त्यावरून नजर काढली ती पहिल्यांदा. "मी रोज ते कोट भरतोय, आणि तू बघत बसलीस? मला परकं केलंस, साहेब?"

ती रडायला लागली. "आज सांगणार होते. तिथे वर नेऊन. तुम्ही झोपलात."

"मग उठवायचं होतंस."

"तुम्हाला कसं उठवणार?"

"अगं, आज मी कुठे गाडी चालवणार होतो!"

हे ते इतक्या मोठ्याने बोलले की चालकाने आरशात पाहिलं. काकांनी हात वर करून, काही नाही, तू चालव, असं खुणावलं. डोळे पुसले, मग तिच्या हातातला पिळलेला रुमाल घेऊन नाकही पुसलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. उगाच चिडले होते असं वाटलं, आणि नाहीही वाटलं.

शेवटी ते म्हणाले, "नोकरी चांगली आहे?"

"हो."

"मग राहा."

"बाबा..."

"ऐक. तू इथून फोन करशील तेव्हा तिकडे रात्र असेल. मी झोपलेला असेन. उठवायचं. बरं असो, वाईट असो, काहीच नसो, उठवायचं." त्यांनी रुमाल तिच्या हातात परत दिला. "आईला मी सांगून ठेवतो. ती अडवायला बघेल, तिचं ऐकायचं नाही."