घंटीआधी टरटरणारा कर्णा

सुलतानपुरात लग्न असो, उरूस असो की गणपती, माईक लावायला अब्दुल गनीच. तीस वर्षं त्यानं गावाच्या सुखदुःखाला आवाज दिला. स्वतः चार शब्द बोलायचे तर जिवावर यायचं. वायरचा झटका खाल्ला, कर्णा बांधताना लिंबावरून पडला, पण हा गडी कधी भ्यायला नाही. दोन हजार दोन साली रामरावांच्या पोरीच्या लग्नात मात्र पार गळपटला.

झालं असं. त्याच्या बायकोचं, चांदबीचं, पोटाचं ऑपरेशन अकोल्याला होतं. डॉक्टरनं तारीख अलीकडं ओढून नेमकी लग्नाच्या दिवसावर आणली. वर "गाठ मोठी आहे, नेम सांगता येत नाही," असंही बोलून बसला, भला माणूस! गनी लग्नाचं काम सोडूनच निघाला होता. चांदबीनं दटावलं, "जबान दी ना उनको? शकूर है मेरे पास." शकूर त्यांचा मुलगा. ऑपरेशन झालं की तो रामरावांच्या मोबाईलवर कळवणार होता.

गावात मोबाईल तेवढा एकच. आणि रेंज कुठं, तर मांडवातल्या उंच ओट्यावर, गनीच्या ॲम्प्लिफायरपाशी! रामरावांनी तो तिथंच ठेवला. त्या पहिल्यावहिल्या जीएसएम मोबाईलांना एक वाईट खोड होती: घंटी वाजायच्या आधी ते जवळच्या कर्ण्यात टर्र-टिकटिक-टिकटिक करायचे. आता सांगा, माणसानं भ्यावं तरी किती वेळा?

पहिली टिकटिक झाली अन् गनीनं मोबाईलवर झडप घातली. कळलं काय, तर वऱ्हाडाची गाडी मेहकरला पंक्चर. दुसऱ्यांदा तो हातातली वायर टाकून धावला. कोण्या मामाला बीबी गावाहून बस मिळत नव्हती, मेल्याला! तिसऱ्यांदा ऐन मंगलाष्टकात कर्णा टरटरला, भटजी खेकसले, आणि घंटी वाजलीच नाही. "या अल्ला, लागता लागता फोन तुटला का?" गनी मोबाईल हातात घेऊन रेंजच्या काड्या मोजत उभा राहिला. एक वाजला, दोन वाजले. पंगत बसली.

अडीचला पुन्हा टिकटिक. पडद्यावर अकोल्याचा नंबर. गनीनं बटण दाबलं, पण हात कानापर्यंत जाईना. जन्मभर दुसऱ्यांच्या बातम्या गावाला ऐकवल्या; स्वतःची ऐकायची छाती होईना.

"माह्याच्यानं ऐकवत नाही, बाप्पा! तुम्हीच ऐका," म्हणाला, आणि त्यानं मोबाईल सरळ माईकला लावला.

पंगतीतले हात थांबले. कर्ण्यातून शकूरचा आवाज आला, "अब्बा? सुनते ना? अम्मी होश में आई. अच्छी है. पैले येच पूछी, तेरे अब्बाने खाना खाया के नै?"

गनी लेकरासारखा रडायला लागला. रामरावांची बायको रुखमाबाई भरलं ताट घेऊन ओट्यावर चढली अन् माईकमध्येच ओरडली, "नाही खाल्लं वं चांदबी! सकाळपासून चहालेही शिवला नाही! थांब, आता मी जेवू घालतो त्याले!"